एक्सलन्सींनी लढवलेली माझी निवडणूक

आयुष्यात मी एकच निवडणूक लढवली. म्हणजे उमेदवार मी होतो. लढवली ती एक्सलन्सींनी. हरलो मात्र मी एकटाच.

एक्सलन्सी सिंगापुरात, बिशानला आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांची मुलगी एका इस्पितळात भूलतज्ज्ञ होती. आई गेल्यावर तिने वडिलांना नायजेरियाहून आपल्याकडे आणलं होतं. तिकडे ते आधी भूगोलाचे मास्तर, मग आमदार, मग मंत्री, मग कैदी आणि शेवटी राजदूत होते. हा क्रम माझा, म्हणजे आयटीतल्या माणसाने लावलेला. त्यांच्या सांगण्यात असा काही क्रम नसायचा. कॉफीचा पहिला घोट घेताना ते कैदेत असायचे, दुसऱ्या घोटाला एखाद्या राजाला मुजरा करत असायचे, आणि कप संपेपर्यंत शाळेच्या फळ्यावर नदीचा उगम काढून दाखवायचे.

पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. ऑफिसातून येताना मी भाजी घेतली होती. दार उघडलं तर आत एक उंचपुरे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. अंगात पांढराशुभ्र पायघोळ झगा, डोक्यावर नक्षीची टोपी. त्या झग्याला ते अगबादा म्हणत. झगा इतका ऐसपैस की लिफ्टमध्ये फक्त झगाच मावेल असं वाटावं. मी म्हटलं, "तुम्ही जा, मी पुढच्या खेपेला येतो."

त्यांनी झग्याची एक बाजू उचलून खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "या, या. विरोधी पक्षालाही जागा आहे."

(आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं. इथे मराठीत देतोय, कारण त्यांच्या इंग्रजीची ऐट मला इंग्रजीतही जमत नाही.)

"काय करता?"

"आयटीत आहे."

"ते या इमारतीत सगळेच आहेत. तुम्ही कोणाचे? तुमची माणसं कोण?"

मला हा प्रश्न चिंचवड सोडल्यापासून कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मराठी."

"तुमचा पुढारी कोण इथे?"

"आमच्यात सगळेच."

हे ऐकून ते इतके हसले की त्यांचा मजला गेला, लिफ्ट वरपर्यंत जाऊन परत खाली आली, आणि आम्ही दोघं पुन्हा तळमजल्यावर उभे. माझ्या पिशवीतल्या भेंड्यांकडे बघत ते म्हणाले, "हे तर आमच्याकडेही खातात. म्हणजे आपले राजनैतिक संबंध पूर्वीपासूनच आहेत."

त्यांना एक्सलन्सी हे नाव कुणी दिलं नाही. ते त्यांनीच आणलं होतं. मी एकदा 'अंकल' म्हणून पाहिलं, तर त्यांनी ऐकूच न आल्यासारखं केलं. मग मी जरा घसा खाकरून "एक्सलन्सी" म्हटलं. लगेच वळले. "आता कसं! अंकल तर रिक्षावालाही असतो." सिंगापुरात रिक्षा नाहीत हे मी सांगितलं नाही. मोठ्या माणसाला किती दुरुस्त करायचं याला मर्यादा असते, आणि माझी मर्यादा फार लवकर येते.

शनिवारी सकाळी ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये त्यांचा दरबार भरायचा. दरबारात ते, मी आणि कधी शेजारचे निवृत्त शाळामास्तर. तिघांनाही बसायच्या जागा ठरवून दिलेल्या. एकदा मी चुकून त्यांच्या उजव्या हाताला बसलो, तर म्हणाले, "ती जागा यजमान राष्ट्राची. तुम्ही डावीकडे." यजमान राष्ट्र म्हणजे ते मास्तर, कारण ते जन्माने सिंगापूरचे. मास्तर आले नाहीत तरी खुर्ची रिकामी ठेवायची. आसपास ट्रे घेऊन उभी राहिलेली माणसं आमच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची, मी जमिनीकडे बघायचो आणि एक्सलन्सी शांतपणे पराठ्यावर आपल्या खिशातली तिखटाची पूड भुरभुरवत असायचे. ती पूड त्यांच्या गावची. मी एकदा चाखली. मी लवंगी मिरची खाणाऱ्या घरातला आहे असं मोठ्या आवाजात सांगून चाखली, हे आणखी वाईट झालं.

टेबलं पुसणाऱ्या आंटीला नमस्कार करायला त्यांना बराच वेळ लागायचा. झोप कशी झाली, गुडघा काय म्हणतो, मुलीचं लग्न ठरलं का, मुलगा फोन करतो का, गुडघ्याला नवीन काही लावलं का. आंटी त्यांच्या चिनी बोलीत उत्तरं द्यायच्या, हे त्यांच्या इंग्रजीत पुढचं विचारायचे. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं असं माझं मत. पण आंटी एक आठवडा दिसल्या नाहीत, तेव्हा त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्यात हे त्या कॉफीशॉपमध्ये फक्त एक्सलन्सींना ठाऊक होतं.

मंत्रिपद त्यांच्याकडे फार थोडा काळ होतं. इतका थोडा, की मंत्रालयाच्या भिंतीवर लावायला त्यांचा फोटो फ्रेम करून आला त्याच दिवशी लष्कराने सरकार बरखास्त केलं. "फ्रेमवाल्याने तो मला कैदेत आणून दिला," ते सांगायचे. "सही हवी होती ना त्याला." कैदेबद्दल त्यांच्याकडे एवढंच एक वाक्य होतं, की तिथे जेवण वेळेवर मिळायचं, मंत्री असताना कधी मिळालं नाही. पुढे दुसरे लष्करवाले आले आणि त्यांनी यांना राजदूत करून दूर पाठवलं. "हद्दपारी आणि वकिलात यांत फरक काय, तर गाडीवरचा झेंडा."

पहिल्याच नेमणुकीत ते अधिकारपत्र सादर करायला राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर गेले. दारात भरजरी गणवेशातला, छातीभर पदकं लावलेला एक भारदस्त माणूस उभा होता. यांनी त्याला लवून अभिवादन केलं, दोन देशांच्या मैत्रीवर पाठ केलेलं भाषण केलं आणि अधिकारपत्र त्याच्या हातात ठेवलं. तो दारवान होता. राष्ट्राध्यक्ष मागे साध्या करड्या सुटात उभे राहून सगळं ऐकत होते. "मग?" मी विचारलं.

"मग काय? ते म्हणाले, भाषण चांगलं होतं, पुन्हा करा. पण तुम्हाला सांगतो, दुसऱ्यांदा ते रंगलं नाही. दारवान फार चांगला श्रोता होता."

त्यांच्या घरी मी प्रथम गेलो तेव्हा त्यांनी बशीत एक लालसर बी आणली. कोला. त्यांच्याकडे पाहुण्यापुढे ही ठेवून, फोडून वाटल्याशिवाय कुठलंच बोलणं सुरू होत नाही. मी उत्साहाने सांगितलं की आमच्याकडेही सुपारी फुटल्याशिवाय लग्न ठरत नाही, आणि अख्खा तुकडा सुपारीसारखा दाढेखाली धरला. कोला कडू असते. इतकी कडू की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला. एक्सलन्सींनी तो अडवला. "राहू दे. पहिल्या भेटीत डोळ्यांत पाणी आणणारा पाहुणा आम्ही विसरत नाही."

माझ्या बायकोला, हेमाला, ते फार आवडायचे. "तुला माहीत नसेल एवढं त्यांना आपल्या घरातलं माहीत असतं," ती म्हणायची, आणि हे ती कौतुकाने म्हणायची की तक्रारीने, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता निवडणूक. त्यासाठी आधी वाघमारे सांगायला हवा.

दिलीप वाघमारे आणि मी एकाच वर्षी सिंगापुरात आलो. तो नागपूरचा, संशोधक. मी सॉफ्टवेअरवाला. यिशुनला एका खोलीत दोघं राहायचो. एकच राइस कुकर, त्यात सकाळी भात आणि संध्याकाळी त्याचं वऱ्हाडी वरण. आमची लग्नं झाली, मुलं झाली, तरी आठवड्यात एकदा फोन ठरलेला. मग त्याने पुंगोलला पाण्याकाठचा नवा फ्लॅट घेतला आणि घरी येण्याचं आमंत्रण इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. 'रविवारी सर्वांनी सहकुटुंब यावे.'

ग्रुपवर. मला. मी फोनची वाट पाहिली. शनिवार गेला.

"अगं, याला काय बोलावणं म्हणायचं का?" मी हेमाला म्हटलं.

"मग काय म्हणायचं?"

"ग्रुपवर जुना सोफा विकायचाय हेही येतं."

"तू सोफा नाहीस. चल."

मी गेलो नाही. ताप आल्याचं हेमाला सांगायला लावलं. ती आणि आमचा मुलगा ईशान जाऊन आले. तिकडे वाघमारेने माझ्यासाठी ताट बाजूला काढून ठेवलं होतं, आणि इकडे त्याच दुपारी मंडळातल्या कुणीतरी तापलेल्या मला कॉफीशॉपमध्ये पराठा हाणताना पाहिलं. ही बातमी पुंगोलला पोहोचायला जेवढा वेळ लागायला हवा होता, त्याच्या आधीच पोहोचली. ठरलेला फोन बंद झाला. तो म्हणे, घर पाहायला आला नाही. मी म्हणे, बोलावलं कुठे? पुढे दीड वर्ष आम्ही दोघं ग्रुपवर एकमेकांना 'आपण' म्हणत होतो. हेमा आणि वाघमारेची सविता मात्र रोज तासभर बोलत असत. त्यांना आमच्या भांडणाची काही गरज नव्हती.

अशात मंडळाचे अध्यक्ष पुण्याला परत गेले. वाघमारे उभा राहिला. म्हणून मी उभा राहिलो.

पण 'त्याने मला फोन केला नाही' हा काही जाहीरनाम्याचा मुद्दा होऊ शकत नाही. मी मुद्दा शोधला. स्नेहसंमेलनात मुलांना नाटुकल्याचे संवाद रोमन लिपीत लिहून द्यायचे, असं वाघमारेचं म्हणणं होतं, कारण मुलांना देवनागरी वाचता येत नाही. मी देवनागरीच्या बाजूने उभा ठाकलो. मोठी भाषणं तयार केली. ती आरशासमोर म्हणताना ईशान खोलीत आला. त्याच्या तळहातावर त्याचे संवाद बॉलपेनने लिहिलेले होते. रोमन लिपीत.

"बाबा, देवनागरी सो हार्ड, लाह," तो म्हणाला. "सगळी अक्षरं वरच्या लाइनवर लटकलेली. लाइक लाँड्री."

आमच्या खिडकीबाहेर बांबूवर खरोखरच माझे शर्ट वाळत होते. मला त्यानंतर 'क' लिहिताना बाही दिसायला लागली.

एक्सलन्सींच्या कानावर निवडणूक गेली आणि ते दहा वर्षांनी तरुण झाले. शनिवारच्या दरबारात त्यांनी यजमान राष्ट्राच्या खुर्चीवर मला बसवलं.

"मुद्दा काय?"

"लिपी."

"खरा मुद्दा?"

मी बराच वेळ लिपीच सांगत राहिलो. ते कॉफी ढवळत राहिले. शेवटी मी ग्रुप, सोफा, ताप, पराठा सगळं सांगितलं. ते जराही हसले नाहीत. "जेवणाच्या आमंत्रणावर नाव हाताने न लिहिता टंकून आलं म्हणून दोन देशांनी राजदूत परत बोलावलेले मी पाहिलेत," ते म्हणाले. "तुमचं प्रकरण गंभीर आहे. आपण प्रचार करू."

त्यांच्या प्रचाराचे नियम त्यांच्या मतदारसंघात घासून गुळगुळीत झालेले होते. मत कधी मागायचं नाही. जेवणाच्या वेळेला जायचं, समोर येईल ते खायचं. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं. आणि लोक 'बसा हो' म्हणत असतानाच उठायचं. यातला एकही नियम मला जमला नाही, कारण सगळे त्यांनीच पाळले.

यिशुनला एका घरी पुण्याहून मुलाकडे आलेल्या आई होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. एक्सलन्सी त्यांच्याशेजारी बसले आणि दोघं दोन भाषांत संधिवातावर बोलले. मी तोवर मुलाला देवनागरीचं महत्त्व सांगत होतो. तो मोबाइलमध्ये मॅचचा स्कोअर बघत होता. निघताना आईंनी एक्सलन्सींना बेसनाच्या लाडवांचा डबा दिला, "माझ्या धाकट्या दिरांसारखेच आहेत हो अगदी," म्हणून डोळे पुसले. त्या मंडळाच्या सभासद नव्हत्या. त्यांचं मतच नव्हतं.

पुंगोलला एका तरुण जोडप्याचं तान्हं बाळ एक्सलन्सींच्या मांडीवर त्या झग्याच्या घड्यांत झोपून गेलं. बाळ बरेच दिवस झोपत नव्हतं म्हणे. आईबाप हात जोडून उभे. आम्हाला हलताच येईना. समोरच्या खिडकीतून पाण्यापलीकडची इमारत दिसत होती. त्या जोडप्याने सांगितलं, "ती वाघमारे सरांची बिल्डिंग." मी पडदा किती सुंदर आहे असं म्हणालो आणि पडद्याकडे बघत राहिलो.

थोड्याच दिवसांत मला फोन यायला लागले. "या ना आमच्याकडेही. त्यांना घेऊन या." कुणी विचारलं, "एक्सलन्सी एकटे आले तरी चालेल का?"

हेमा म्हणाली, "तुझा प्रचार जोरात चाललाय म्हणे."

"बघ, तुलाही जाणवतंय ना?"

"हो. लोक विचारतात, त्यांच्यासोबत तो कोण असतो?"

मतदान रविवारी सकाळी कम्युनिटी क्लबच्या एका खोलीत झालं. चिठ्ठीवर नाव लिहून डब्यात टाकायचं. वाघमारे खोलीच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मधे समोशांचं टेबल. तो समोसा घ्यायला आला की मी पाणी प्यायला जात होतो. एक्सलन्सी निरीक्षक म्हणून पहिल्या रांगेत, निळ्या अगबादात.

निकाल वाचणाऱ्या बाईंनी आधी वाघमारेची मतं सांगितली. टाळ्या. बराच वेळ. मग माझी सांगितली. टाळ्या वाजवायला सुरुवात करून लोकांनी लगेच थांबवल्या, तेवढ्यात मतं संपली होती. मग त्या जरा अडखळल्या. काही चिठ्ठ्या बाद कराव्या लागल्या होत्या. त्या चिठ्ठ्यांवर 'एक्सलन्सी' असं लिहिलेलं होतं. आणि त्या माझ्यापेक्षा जास्त होत्या.

त्यातल्या बहुतेक देवनागरीत होत्या, एवढंच माझ्या चळवळीचं फलित.

सगळे वाघमारेभोवती जमले. मी बाजूच्या जिन्याने खाली आलो आणि टॅक्सी बोलावली. एक्सलन्सी मागून झगा सावरत आले. हेमा आणि ईशान कुठे दिसेनात. टॅक्सी बिशानच्या दिशेने निघाली तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला. वाघमारेचा. 'आभार. सर्वांनी आता माझ्याकडे चहाला यावे.'

"बघा!" मी फोन त्यांच्यापुढे धरला. "पुन्हा तेच. ग्रुपवर."

"काय लिहिलंय?"

मी भाषांतर करून सांगितलं, पुंगोलला चहाचं बोलावणं आहे म्हणून.

"सर्वांमध्ये तुम्ही येत नाही?"

मी फोन खिशात ठेवला.

"त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलंत?"

"लांबून मान हलवली."

"त्याने पाहिली?"

"पाठ होती त्याची."

एक्सलन्सींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना टोपीशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. डोकं लहान मुलासारखं दिसत होतं.

"मी एकच निवडणूक हरलो," ते म्हणाले. "ज्याच्याशी हरलो तो माझा शाळेतला मित्र. एका बाकावर बसायचो. दुसऱ्या दिवशी त्याने माणूस पाठवला, घरी जेवायला ये म्हणून. मी म्हटलं, माणूस कशाला पाठवतो? स्वतः का येत नाही? गेलो नाही. पुढे तो फार वर चढला. मी तुरुंगात गेलो, सुटलो, राजदूत झालो. एकदाही बोललो नाही. मग तो वारला तेव्हा देशाचा मोठा मंत्री होता. मी वकिलातीत. झेंडा अर्ध्यावर. नियमाप्रमाणे शोक माझ्याकडे व्यक्त करायचा. दिवसभर सगळ्या देशांचे राजदूत रांगेने आले. प्रत्येकाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, तुमच्या दुःखात सहभागी आहोत. आणि मी प्रत्येकाला म्हणत होतो, आभारी आहे. आभारी आहे. एकाने विचारलं, तुम्ही ओळखत होता का त्यांना? त्यावर काय म्हणावं याचा आमच्या खात्याने काही नियम केलेला नाही."

टॅक्सीवाले अंकल आरशातून बघत होते. "सो हाउ? बिशान ऑर पुंगोल?" त्यांनी विचारलं. "आफ्टर दिस एक्झिट कॅनॉट टर्न, हां."

एक्सलन्सी माझ्याकडे बघत नव्हते. बाहेर बघत होते. त्यांनी मला कधीच काही करायला सांगितलं नव्हतं, आताही सांगितलं नाही. ते एक बरं झालं, कारण सांगितलं असतं तर मी माझ्या स्वभावाप्रमाणे उलट केलं असतं.

"पुंगोल," मी म्हटलं.

वाघमारेच्या ब्लॉकखाली एक्सलन्सी दगडी बाकावर बसले. "वर तुम्ही एकटे जा. दोन राष्ट्रप्रमुख भेटतात तेव्हा राजदूत बाहेर थांबतो."

दारात चपलांचा ढीग होता. त्यात मला हेमाच्या चपला दिसल्या आणि ईशानचे बूट दिसले. दारात वाघमारेच उभा होता, हातात चहाचा ट्रे घेऊन. मला बघून तो तसाच उभा राहिला. चहा थोडा बशीत सांडला.

"अभिनंदन," मी म्हटलं.

"बरा झाला का ताप?" तो म्हणाला.

"आत्ता उतरला."

"दीड वर्षांनी?"

"औषध कडू होतं."

त्याने ट्रे तिथेच चपलांच्या कपाटावर ठेवला आणि माझा दंड धरला. अभिनंदनाचा हात मी पुढे केला होता तो तसाच हवेत राहिला. "आधी घर बघ," तो म्हणाला, आणि भरल्या बैठकीतून मला ओढत घेऊन गेला. हे किचन. हा ओटा सविताने बदलून घेतला. ही खोली मैत्रेयीची. हे कपाट बघ, आतून बघ, असं कपाट बिशानला नाही मिळणार. हा बॉम्बशेल्टर, यात आम्ही तांदूळ ठेवतो. नळसुद्धा त्याने उघडून दाखवला. नवं घर आता नवं राहिलेलं नव्हतं. खिडकीखाली रंगाचा पोपडा निघाला होता आणि दारावर मैत्रेयीची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा वर चढत गेल्या होत्या. मी सगळं बघितलं. प्रत्येक गोष्टीला "वा" म्हटलं.

खिडकीतून खाली बाक दिसत होता. एक्सलन्सींभोवती एव्हाना दोन आज्या, एक कुत्रेवाला आणि काही पोरं जमली होती.

"अरे, ते खाली काय करतायत? फोन करून वर बोलव," वाघमारे म्हणाला.

"फोनवर?" मी म्हटलं.

त्याने पायात चपला सरकवल्या. मग आम्ही दोघं लिफ्टने खाली गेलो. एक्सलन्सींनी आम्हाला एकत्र येताना पाहिलं, टोपी नीट केली आणि उभे राहिले.

"मला बोलवायला आलात. तुमच्यापैकी यजमान कोण?"

मी मागे सरकून वाघमारेकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "हे. मी पण पाहुणाच—"

"यजमान मी," वाघमारेने मला तोडलं. "पाहुणे तुम्ही. हा घरचा आहे."

एक्सलन्सी वर आले, सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसले, आणि ज्यांनी त्यांना बाद मतं दिली होती त्यांच्याकडून रांगेने क्षेमकुशल ऐकू लागले. मलाही कुठेतरी बसावं असं वाटत होतं. पण नव्या अध्यक्षांनी पहिला आदेश काढला. "घरचा आहेस ना? मग कप विसळ. चहा पुन्हा टाकायचाय, कप संपले."

तर पराभूत उमेदवार बेसिनपाशी उभा राहिला. एकेक जण कप आणून देत होता, आणि देताना जरा वाकून, हळूच म्हणत होता, "मत मी तुम्हालाच दिलं हं." यिशुनचे म्हणाले. बाळवाले दोघंही म्हणाले. ज्या बाईंनी निकाल वाचला त्याही म्हणाल्या. त्या हिशेबाने मी प्रचंड बहुमताने निवडून आलो होतो. मी प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणत होतो.

शेवटचा कप हेमाचा होता.

"मी नव्हतं दिलं," ती म्हणाली, आणि कोरडं फडकं घेऊन कप पुसायला शेजारी उभी राहिली.